वन्स मोअरची ओळ

गेल्या वर्षीच्या आमच्या स्नेहसंमेलनात विविध गुणदर्शनाच्या कार्यक्रमात एक गाणे फार गाजले. त्याला दोनदा ‘वन्स मोअर’ मिळाला. फिशपाँडपेक्षाही त्या गाण्याला जास्त हशा मिळाला असे पुढे आठवडाभर कॅन्टीनमध्ये जो तो सांगत होता. ते गाणे मी लिहिले होते आणि मीच म्हटले होते. आज त्याविषयी लिहायला बसलो आहे ते स्वतःची पाठ थोपटून घेण्यासाठी नव्हे, हे आधीच सांगून टाकतो.

गाणे होते आमच्या वसतिगृहातल्या एका मित्रावर. त्याचे नाव येथे देत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ते ठाऊकच आहे, इतरांना त्याची गरज नाही. हा मित्र टीकाकार आहे. कवितेचा नव्हे की नाटकाचा नव्हे. मोबाईलवर आणि संगणकावर जे गेम खेळले जातात त्यांचा. आमच्या भित्तिपत्रिकेवर दर सोमवारी त्याचे एक परीक्षण लागत असे. गोकाककडचा हा मुलगा घरी कानडी बोलतो. मराठी तो बेळगावात आल्यावर शिकला आणि पहिल्या वर्षापासून मराठीत लिहू लागला. भित्तिपत्रिकेपुढे थांबून वाचणारे बहुतेक मराठी, आणि लिहायचे ते कुणीतरी वाचावे म्हणून, असा त्याचा सरळ हिशेब.

‘खेळावर कसली आली आहे टीका?’ असा प्रश्न आमच्या प्राध्यापकवर्गाच्या मनात येईल याची मला कल्पना आहे. मलाही तो एकेकाळी पडला होता. परंतु गेम म्हणजे नुसता चेंडू-फळीचा डाव नव्हे. त्यात कथानक असते, चित्रे असतात, संगीत असते, नियम असतात आणि खेळणाऱ्याच्या खिशात हात घालण्याची एक चोख व्यवस्थाही असते. हे सारे कुणीतरी रचलेले असते. जे रचलेले आहे त्याचे परीक्षण होऊ शकते, आणि जगात ते गेली कित्येक वर्षे होत आहे.

आमच्या मित्राचा या बाबतीतला गुरू म्हणजे बेन क्रोशॉ नावाचा इंग्रज. ‘यात्झी’ या टोपणनावाने तो ओळखला जातो. २००७ साली ऑस्ट्रेलियात राहत असताना त्याने गेमवर टीका करणाऱ्या लहान लहान चित्रफिती तयार करायला सुरुवात केली, आणि लवकरच ‘एस्केपिस्ट’ या नियतकालिकाने त्याला आपल्याकडे घेतले. पिवळी पार्श्वभूमी, तीवर सरकणारी काड्यापेटीच्या काड्यांसारखी माणसे, आणि वर एकाही ठिकाणी श्वास न घेता चाललेले बोलणे. मालिकेचे नावच ‘झिरो पंक्च्युएशन’, म्हणजे विरामचिन्हे शून्य! दर आठवड्याला हा माणूस एका खेळाची पाचएक मिनिटांत सालटी काढीत असे. हे सोळा वर्षे चालले. २०२३ च्या नोव्हेंबरात तेथील संपादकाला कामावरून दूर केल्यावर चित्रफितींचे सारे पथकच राजीनामे देऊन बाहेर पडले. त्यांनी ‘सेकंड विंड’ या नावाने नवा संसार थाटला आणि क्रोशॉही त्यांच्याबरोबर गेला. ‘झिरो पंक्च्युएशन’ हे नाव जुन्या मालकांकडेच राहिले. पण बोलण्याची ढब काही मालकीहक्काने ठेवून घेता येत नाही. ती माणसाबरोबर गेली, आणि ऐकणारेही तिच्यामागून गेले.

अशा टीकाकाराचे चाहते असतात तसेच वैरीही असतात. २००८ साली ‘सुपर स्मॅश ब्रदर्स ब्रॉल’ हा निन्टेन्डो कंपनीचा खेळ आला. खेळाचे भक्त लाखोंनी. क्रोशॉने त्यात खोट काढताच संतापलेल्या पत्रांचा असा काही पाऊस पडला की पुढे एक भाग त्याने त्या पत्रांना उत्तरे देण्यातच घालवला. आवडत्या वस्तूला कुणी नाव ठेवले की माणूस आपल्यालाच नाव ठेवल्यासारखा का चवताळतो, हा मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी विचार करण्यासारखा प्रश्न आहे. येथे एवढेच सांगायचे की, क्रोशॉच्या नकला पुष्कळांनी केल्या. पिवळ्या पडद्यावर धावत्या बोलीत परीक्षणे करणाऱ्यांची एक पलटणच उभी राहिली. काहींची नक्कल भक्तीची, काहींची खोडीची.

आमचा मित्र भक्तांपैकी. गुरूची विरामचिन्हांविषयीची अनास्था त्याने मराठीत आणली. त्याची वाक्ये पानभर चालत. सुरुवात नेहमी ‘एक गोष्ट स्पष्ट करतो’ अशी, आणि दर तिसऱ्या ओळीला ‘परंतु’. मुले भित्तिपत्रिकेपुढे उभी राहून ते मोठ्याने वाचायची आणि कुणाचा दम कुठे तुटतो यावर चहाची पैज लावायची.

असे बोलणे ऐकले की त्याचे गाणे करावे असे कुणालाही वाटेल. इंग्रजी संगीतिकांत त्यासाठी एक खास प्रकारच आहे. गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या ‘द पायरेट्स ऑफ पेन्झान्स’ (१८७९) मधला मेजर-जनरल असेच दम न घेता एक गाणे म्हणतो. आणि आपल्याकडे तर त्याच्याही आधीपासून कटाव आहे. अठराव्या शतकातील अमृतरायांचे कटाव प्रसिद्ध आहेत. यमकानुप्रासांची फैर झाडीत, ऐकणाऱ्याला उसंत न देता कीर्तनकार कटाव म्हणू लागला की पेंगणारा श्रोताही सावरून बसतो. विरामचिन्हे शून्य असलेल्या टीकाकारासाठी याहून योग्य घाट कोणता? मी मित्रावर कटाव रचला. ‘परंतु’ या शब्दाचे पालुपद केले. पेटीवर द्वितीय वर्षाची एक मुलगी आणि ढोलकीवर माझाच खोलीसोबती. हा खोलीसोबतीही कानडी, बैलहोंगलचा.

गाणे पहिल्यांदा म्हटले तेव्हा जो हशा झाला तो अगदी निर्मळ होता, असे मी आजही म्हणेन. तो मित्र चौथ्या रांगेत बसला होता आणि इतरांपेक्षा मोठ्याने हसत होता. ‘परंतु’ आला की तोच टाळ्या वाजवी. पहिला वन्स मोअर त्या हशाला मिळाला.

दुसरा मात्र वेगळा होता. सभागृहाच्या मागच्या बाजूला एका विशिष्ट खेळाचे भक्त बसले होते. तो खेळ ‘बीजीएमआय’, म्हणजे आपल्या देशात २०२० च्या सप्टेंबरात बंदी आलेल्या ‘पबजी मोबाईल’चा २०२१ मधला भारतीय अवतार. २०२२ मध्ये तोही काढून टाकला गेला आणि २०२३ च्या मे महिन्यात परत आला, तेव्हा वसतिगृहात पेढे वाटले गेले होते. संमेलनाच्या दोनच आठवडे आधी आमच्या मित्राने या खेळावर झणझणीत लिहिले होते. मागची मंडळी त्याच्यावर दात धरून होती. गाणे सुरू झाले तशी ती पुढे सरकली. ‘अजून हाणा’ अशी आरोळी आली. तिसऱ्यांदा गाणे म्हणताना, त्या आरोळीच्या भरात, कागदावर नसलेली एक ओळ माझ्या तोंडून गेली. त्या ओळीत मी मित्राच्या मराठीची नक्कल केली होती. तो ‘ती दगड’ म्हणतो, ‘तो खुर्ची’ म्हणतो. कानडीत निर्जीव वस्तूंना आपल्यासारखे पुल्लिंग-स्त्रीलिंग नाही, त्यामुळे आपल्या भाषेतल्या दगड-खुर्चीची लिंगे त्याला पाठ करावी लागतात आणि घाईत ती चुकतात. ओळीचा मथितार्थ असा की, ज्याला खुर्चीचे लिंग कळत नाही त्याला खेळातले काय कळणार?

संपूर्ण गाण्यात सर्वांत मोठा हशा या ओळीला मिळाला. छप्पर उडेल असा. मी रंगमंचावरून चौथ्या रांगेकडे पाहिले. मित्र हसत होता, पण टाळ्या वाजवीत नव्हता. ढोलकी एक मात्रा चुकली. विंगेत गेल्यावर खोलीसोबती इतकेच म्हणाला, “ती ओळ नको होती रे.”

मी त्याला म्हटले, “अरे, गंमत होती. सगळे हसले की.”

तो म्हणाला, “सगळे हसले म्हणूनच तर.”

पुढच्या सोमवारी भित्तिपत्रिकेतली मित्राची चौकट रिकामी होती. त्याच्या पुढच्या सोमवारीही. खोटे कशाला सांगू, पहिल्या सोमवारी मला थोडा अभिमानच वाटला. गाणे लागू पडले म्हणायचे! अभिमानाला कडू चव आली ती दुसऱ्या सोमवारी, जेव्हा त्या खेळाच्या भक्तांपैकी एकाने त्या रिकाम्या चौकटीत खडूने ‘तो खुर्ची’ एवढेच लिहून ठेवले.

माझी ही अस्वस्थता आमच्या इंग्रजीच्या सरांच्या लक्षात आली. सरांना पाश्चात्य संगीताचा नाद आहे. सगळे ऐकून घेऊन ते म्हणाले, “तुझ्याआधी हा उद्योग फार मोठ्या माणसाने करून ठेवलेला आहे,” आणि त्यांनी मला वाग्नर आणि हान्सलिक यांची हकीकत सांगितली. पुढे मी ती ग्रंथालयातून पडताळून पाहिली. टीकाकाराचे संगीतातून विडंबन केले आणि चाहत्यांनी ते डोक्यावर घेतले की काय काय होऊ शकते, याचे याहून बोलके उदाहरण मला सापडलेले नाही. म्हणून ती थोडी विस्ताराने सांगतो.

रिचर्ड वाग्नर हा एकोणिसाव्या शतकातला थोर जर्मन संगीतनाटककार. त्याचा कडवा टीकाकार म्हणजे व्हिएन्नाचा एडुआर्ड हान्सलिक. हान्सलिक मुळात वाग्नरचा द्वेष्टा नव्हता. १८४६ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याने वाग्नरच्या ‘टानहॉयझर’वर प्रदीर्घ स्तुतिलेख लिहिला होता. पुढे त्याचे मत पालटले. १८५४ साली त्याने संगीतातील सौंदर्यावर एक छोटेखानी ग्रंथ प्रसिद्ध केला. संगीताचे सौंदर्य स्वरांच्या रचनेतच असते, भावना चाळवणे हे त्याचे प्रयोजन नव्हे, असा त्याचा सिद्धांत. वाग्नर तर संगीत, काव्य आणि नाट्य एकाच मुशीत ओतायला निघालेला. तेव्हा भांडण वैयक्तिक नव्हते, तत्त्वाचे होते. असे भांडण व्हावे, त्यात कलेचा फायदाच असतो.

वाग्नरने उत्तर दिले ते संगीतनाटकातून. ‘डी मायस्टरझिंगर’ या नाटकात न्यूर्नबर्ग शहरातली गवयांची एक मंडळी आहे. गाणाऱ्याच्या चुका मोजण्यासाठी तिने एक परीक्षक नेमला आहे. पडद्याआड बसायचे आणि गाणाऱ्याची चूक झाली की पाटीवर खडूने रेघ ओढायची, हे त्याचे काम. नव्या गवयाच्या गाण्यात हा परीक्षक इतक्या रेघा ओढतो की पाटी भरून जाते. १८६१ च्या आराखड्यात वाग्नरने या पात्राचे नाव फाइट हान्सलिख असे ठेवले होते! पुढे ते बदलून सिक्स्टस बेकमेसर केले. १८६२ च्या नोव्हेंबरात व्हिएन्नात एका डॉक्टरांच्या घरी वाग्नरने हे नाटक वाचून दाखवले, तेव्हा श्रोत्यांत खुद्द हान्सलिक होता. वाचन पुढे सरकत गेले तसा तो पांढरा पडत गेला आणि संपताच रागाने निघून गेला, असे वाग्नरने आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे.

नाटकाचा पहिला प्रयोग २१ जून १८६८ रोजी म्युनिकला झाला. त्यातला दुसऱ्या अंकातला एक प्रसंग मला फार आवडला. बेकमेसर रात्री एका मुलीच्या खिडकीखाली गाणे म्हणायला येतो. शेजारीच हान्स साक्स हा कवी-चांभार जोडे शिवीत बसलेला असतो. साक्स म्हणतो, तू गा, तुझी चूक झाली की मी तळव्यावर हातोडीचा एक ठोका देईन. गाणे संपेपर्यंत जोडे शिवून तयार! टीकाकाराला त्याच्याच मापाने मोजले, याहून न्याय्य विडंबन कोणते? त्यात बेकमेसरच्या रीतीला धरले आहे. पाटीवर रेघा मोजून गाणे कळते का, हा प्रश्न त्या ठोक्यांत आहे आणि तो खरा प्रश्न आहे.

परंतु (पाहा, मित्राचा शब्द मलाही चिकटला!) वाग्नर तेथे थांबला नाही. तिसऱ्या अंकात बेकमेसर चोरलेले काव्य भर जत्रेत गाऊ लागतो, त्याला ते धड वाचताही येत नाही, शब्दांचा चुथडा होतो, जमलेला जमाव त्याच्या तोंडावर हसतो आणि तो पळ काढतो. येथे हान्सलिकच्या कोणत्या मुद्द्याला उत्तर मिळाले? संगीताचे सौंदर्य स्वरांत की भावनेत, हा प्रश्न जमावाच्या हसण्याने कोणत्या बाजूने सुटला? कोणत्याच नाही. टीकाकाराचे म्हणणे खोडलेच नाही. टीकाकाराला जमेतूनच वजा केले.

आणि हसू तेवढ्यावर राहिले नाही. पुढच्याच वर्षी, १८६९ मध्ये, वाग्नरने ज्यूंविरुद्धचे आपले कुप्रसिद्ध चोपडे स्वतःच्या नावाने पुन्हा छापले. १८५० साली ते टोपणनावाने आले होते. या नव्या आवृत्तीत त्याने हान्सलिकच्या ज्यू वंशाचा उल्लेख करून त्याच्या टीकेचे मूळ तेथे नेऊन पोहोचवले. हान्सलिकची आई ज्यू कुळातली होती. म्हणजे प्रश्न ‘काय म्हणतोस?’ हा होता, तो ‘कुठला आहेस?’ असा झाला. १८७० च्या फेब्रुवारीत व्हिएन्नात ‘मायस्टरझिंगर’चा प्रयोग झाला तेव्हा बेकमेसरच्या खिडकीखालच्या गाण्याच्या वेळी प्रेक्षागृहात गोंधळ उडाला. हे ज्यूंच्या जुन्या गाण्याचे विडंबन आहे अशी बोलवा उठली होती. मूळ लिहिताना वाग्नरच्या मनात नेमके काय होते यावर पंडितांचे वाद अजून चालू आहेत. मला त्यात शिरायचे नाही. मला इतकेच दिसते की, ते चोपडे बाहेर पडल्यावर त्या गाण्याला हसणे पूर्वीसारखे निष्पाप राहू शकले नाही. ओळ तीच होती, चाल तीच होती. हसणाऱ्यांच्या मनात काय भरले आहे यावर तिचा अर्थ ठरू लागला.

जर्मन भाषेत पुढे ‘बेकमेसर’ हे क्षुद्र चुका काढणाऱ्याचे सामान्यनामच होऊन बसले. हान्सलिक मात्र लिहीत राहिला. ‘मायस्टरझिंगर’वरही त्याने लिहिले, दोष दाखवले तशा चांगल्या जागाही सांगितल्या. १९०४ साली तो वारला तोवर त्याच्या त्या १८५४ च्या ग्रंथाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या होत्या, आणि संगीताच्या सौंदर्यशास्त्राचा विद्यार्थी तो ग्रंथ आजही टाळू शकत नाही. वाग्नरच्या संगीताची थोरवीही कुणी नाकारत नाही. म्हणजे एवढा हशा होऊनही मूळ वाद जागच्या जागीच आहे.

यावर कुणी म्हणेल की, मग विडंबन करूच नये काय? मी तसे मुळीच म्हणणार नाही. रशियन संगीतकार मुसोर्गस्की याने १८७० साली ‘रायोक’ नावाचे एक गाणे रचले. रायोक म्हणजे जत्रेतले चित्रपेटीचे खेळ. पेटीवाला एकेक चित्र दाखवावे तसा तो आपल्या टीकाकारांना एकामागून एक पुढे आणतो. हेंडेलचा जप करणाऱ्या पंडिताच्या तोंडी हेंडेलचीच चाल, आडेलिना पाटी या गायिकेवर लट्टू झालेल्या समीक्षकाच्या तोंडी तिच्याच नावाचा वॉल्ट्झ. ज्याची जी खोड, तीच त्याच्या गाण्याची चाल. मुसोर्गस्कीचा मित्र स्तासोव याने नमूद केले आहे की, ज्यांची टिंगल झाली तेसुद्धा डोळ्यांत पाणी येईतो हसले. आपल्याकडे १९२५ साली ‘केशवकुमार’ या नावाने आचार्य अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’ काढली, तेव्हा त्यांनीही समकालीन कवींच्या लकबी पकडल्या. लकब पकडायची तर मूळ कविता आधी नीट वाचलेली असावी लागते. त्या अर्थाने चांगले विडंबन हा वाचकाने दिलेला एक प्रकारचा मानच असतो.

मग बोलीची थट्टा तरी वर्ज्य म्हणावी काय? तेही नाही. आम्हा बेळगावकरांना हे कुणी शिकवायला नको. पु. ल. देशपांड्यांच्या ‘गणगोत’मधले रावसाहेब आठवा. आमच्या गावची कानडीमिश्रित मराठी पु. लं.नी त्यांच्या तोंडी जशीच्या तशी ठेवली, आणि अख्ख्या महाराष्ट्राने ती ऐकून पोट धरून हसून घेतले. त्याचे आम्हाला कधी वाईट वाटले नाही, उलट रावसाहेब आमचे म्हणून आम्ही मिरवतो. असे का? कारण तेथे ती बोली हे रावसाहेबांचे ऐश्वर्य आहे. तिच्यातून त्यांची दिलदारी, त्यांचा राग, त्यांचा गाण्याचा शौक हे सारे कळते. ‘यांना मराठी येत नाही, सबब यांना गाणे काय कळणार?’ असे पु. ल. एका शब्दाने सुचवीत नाहीत. माझ्या ओळीने नेमके तेच सुचवले होते. मित्राची बोली मी त्याच्या मताविरुद्ध पुरावा म्हणून उभी केली होती. पुण्याचा एखादा पाहुणा आमचे ‘होय की’ ऐकून आमच्या बुद्धीविषयी असेच अनुमान काढतो तेव्हा आम्हाला किती झोंबते! तीच काठी मी हातात घेतली, आणि तीही अशा गावात, जिथे दोन भाषांमधल्या कुठल्याही हसण्याला झेंडा चिकटायला वेळ लागत नाही.

शेवटी एके रात्री मी मित्राच्या खोलीवर गेलो. तो लिहीतच बसला होता. मला वाटले होते तसा तो खचला वगैरे नव्हता. मी माफी मागितली. त्याने चहा मागवला आणि म्हणाला, “गाणं चांगलं होतं. ‘परंतु’ तर फार छान. मी आता लिहिताना मोजतो किती झाले ते.”

“मग भित्तिपत्रिका का सोडलीस?”

“सोडली नाही. कानडीकडे लावतो आता. तिकडे माझं व्याकरण कोणी काढत नाही.” थोडा वेळ थांबून त्याने विचारले, “तू एक सांग. मी त्या पेट्यांबद्दल लिहिलं होतं. ते चुकीचं आहे असं कोणी म्हणालं काय?”

मला उत्तर देता आले नाही, कारण कुणीच काही म्हटले नव्हते. मुळात त्याचा मुद्दा काय होता, हे मलाही त्या रात्री पुन्हा वाचून पाहावे लागले. त्याचे म्हणणे असे होते: या खेळात पैसे मोजून एक बंद पेटी उघडता येते, आत कोणता पोशाख किंवा बंदुकीचा रंग निघेल ते नशिबावर. हवी ती वस्तू मिळेपर्यंत मुले पेटीमागून पेटी उघडत राहतात. नुसते सोंगट्यांचे रूप बदलले म्हणून हा सोरट नव्हे काय? बेल्जियम देशाच्या जुगार नियंत्रण आयोगाने २०१८ साली काही खेळांतल्या अशा पैसे घेऊन उघडायच्या पेट्या तिथल्या कायद्याने जुगारात मोडतात असा निर्णय दिला, हेही त्याने लिहिले होते. आपल्याकडे याचा विचार कोण करणार, असा त्याचा प्रश्न होता. ‘अजून हाणा’ म्हणून ओरडणाऱ्यांपैकी एकाने त्याच महिन्यात मेसचे पैसे पेट्यांत घालवून दोघातिघांकडे उसने मागितले होते, ही गोष्ट वसतिगृहात सर्वांना ठाऊक होती. लेखाला उत्तर देणे त्याला अवघड होते. माझ्या ओळीने त्याला ते देण्याची गरजच ठेवली नाही.

माझ्या गाण्याचा खरा दोष येथे आहे असे मला वाटते. मित्र दुखावला हे वाईटच झाले, पण तो मनाने मोठा आहे, त्याने ते सोडून दिले. वाईट याचे की एक चांगला प्रश्न हशात बुडाला, आणि मराठीत लिहिणारा एक हात आम्ही स्वतः होऊन कमी केला. मराठी वाचवा म्हणून आम्ही व्याख्यानमाला भरवतो, दिन साजरे करतो. दुसऱ्या भाषेच्या घरातून आलेला एक मुलगा आपण होऊन आमच्या भाषेत लिहीत होता, त्याला आम्ही खुर्चीच्या लिंगावरून परत पाठवले! आणि गंमत अशी की, ज्या ‘गेम’वर तो लिहीत होता त्या शब्दाचे मराठीतले लिंग कोणते, यावर आमच्या मराठी विभागातच एकमत नाही. निम्मे म्हणतात ‘तो गेम’, निम्मे म्हणतात ‘ती गेम’.

तेव्हा पुढच्या संमेलनात गाणी लिहिणाऱ्या माझ्या मित्रांना एक अनुभवाची गोष्ट सांगतो. टीकाकारावर अवश्य गाणी करा. तो दर आठवड्याला दुसऱ्याची पाटी रेघांनी भरतो, तर त्याच्या पाटीवरही चार रेघा पडू द्यात. परंतु ज्या ओळीला सर्वांत मोठा हशा मिळेल ती ओळ घरी नेऊन पुन्हा वाचा. ती त्याच्या लिहिण्यावर आहे की त्याच्या घरावर, हे पाहा. वन्स मोअर मागणारे कोण आहेत आणि त्यांना पुन्हा नेमके काय ऐकायचे आहे, हेही पाहा. कागदावर नसलेली ओळ गर्दी आपल्याकडून म्हणवून घेते आणि नंतर ती आपल्याच नावावर राहते.

आणि हसणाऱ्यांनाही एक सांगणे आहे. हसून झाल्यावर तो मूळ लेख एकदा वाचावा. पटला नाही तर चार ओळींचे का होईना, उत्तर लिहावे. भित्तिपत्रिकेवर जागा भरपूर आहे.

याच अंकाच्या कन्नड विभागात माझ्या मित्राचा लेख आहे. विषय तोच, बंद पेट्यांचा. खोलीसोबत्याकडून मी तो वाचून घेतला आणि शब्दाशब्दाला अडवून समजून घेतला. दोन ठिकाणी मला तो पटला नाही, आणि ते मी लिहून मित्राकडे दिले आहे. कानडीत लिहिले आहे, म्हणजे प्रयत्न केला आहे. त्यात माझ्या बऱ्याच चुका असतील. मित्राने कागद हातात घेतला, दोनदा वाचला, खदाखदा हसला, आणि मग पहिल्या मुद्द्यावर माझ्याशी वाद घालायला बसला.